आजीची जपमाळ

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे साविन, जुन्या गेलिक पंचांगातला हिवाळ्याचा पहिला दिवस. ब्रिटन-आयर्लंडमधल्या आजच्या अनेक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणाऱ्या घरांत त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी असते. केलेल्या प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं आधी त्या ताटात वाढायचं, मग घरच्यांनी वाढून घ्यायचं, आणि सगळ्यांचं जेवण आटपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काही घरांत गोड आधी वाढतात आणि जेवण उलट्या क्रमाने चालतं. हे मूक भोजन घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असतं.

आपल्याला यातलं फारसं काही नवखं वाटणार नाही. गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ आठवणीने करणं, त्याचं पान आधी वाढणं हे पितृपक्षात आपल्याकडेही होतं. पण एक फरक मोठा आहे. श्राद्धाला बसलेला माणूस बाप, आजा, पणजा अशी नावं घेतो, तेव्हा त्या तिघांनीही बहुधा याच रीतीने आपापल्या वडिलांना पिंड दिलेले असतात. ब्रिस्टलमधल्या एखाद्या पेगन गृहस्थाचं तसं नाही. त्याची आजी मेथडिस्ट नाहीतर कॅथलिक, आणि तिच्यामागे हजारभर वर्षं सगळे ख्रिस्तीच. त्याचा स्वतःचा धर्म आजच्या रूपात तरुण आहे. इंग्लंडमधला चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विका या पेगन पंथाबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं, आणि २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ म्हणून नोंदवला. म्हणजे हा गृहस्थ ज्यांना जेवायला बोलावतो, त्यांतल्या बहुतेकांना त्याच्या देव्हाऱ्यातला शिंगवाला देव पाहून धसकाच बसला असता.

यातून सुटायची एक सोपी वाट आहे. आजीला ओलांडून थेट दोन हजार वर्षं मागे जायचं आणि आपल्यासारख्याच देवांना मानणाऱ्या कुणा अनाम सेल्टिक पूर्वजाला हाक मारायची. त्याला चेहरा नाही, नाव नाही, त्यामुळे त्याची तक्रारही नाही. मला ही वाट पटत नाही. जिने अंगाखांद्यावर खेळवलं तिला वगळून ज्याला कधी पाहिलं नाही त्याला पाटावर बसवायचं, याला पूर्वजांचा मान कसा म्हणायचं?

दुसरी वाट मला पटते आणि तीही तिथली माणसं चालतातच. घरातली एक फळी पूर्वजांची असते. तिच्यावर स्वच्छ कापड, पाण्याचा पेला, मेणबत्ती, गेलेल्यांचे फोटो. जिवंत माणसाचा फोटो त्या फळीवर चुकूनही ठेवत नाहीत. त्या फोटोंच्या पुढ्यात कॅथलिक आजीची जपमाळ ठेवलेली असते. बोटांनी गुळगुळीत झालेले लाकडी मणी, तुटलेली कडी तारेने सांधलेली, खाली छोटासा क्रूस. फळी पेगनाची, पण तिच्यावरचा क्रूस आजीचाच राहतो. तो काढून नुसते मणी ठेवले, तर ती आजी उरणार नाही.

आणि खरं सांगायचं तर ही रात्रही बरीचशी आजीनेच दिलेली आहे. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात हे नीट तपासलं आहे. जुन्या आयरिश कथांमधला साविन हा मेळ्याचा, मेजवान्यांचा, अद्भुत घडण्याचा काळ आहे. पण तो मृतांचा सण होता याला भक्कम पुरावा मिळत नाही. मृतांची आठवण या तारखांना चिकटली ती मुख्यतः चर्चमुळे. १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. हा दुसरा दिवस साधारण हजाराव्या वर्षाच्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने रुजवला, आणि आजही त्या दिवशी वसईत, गोव्यात दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. इंग्लंडमध्ये मात्र प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेने हे दार बंद केलं. मृतांसाठी प्रार्थना चालाव्यात म्हणून लोकांनी लावून दिलेल्या जमिनी आणि देणग्या १५४७ च्या कायद्याने सरकारजमा झाल्या. गेलेल्याची आठवण काढायला मुभा राहिली, पण त्याच्यासाठी काही करायची सोय उरली नाही. तरी चेशायर-श्रॉपशायरच्या गावांत मुलं आणि गोरगरीब या दिवसांत दारोदार गाणी म्हणत ‘सोल केक’ मागत राहिले. पूर्वी त्या केकच्या बदल्यात घरातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणायची असे. तेच मसाल्याचे छोटे गोल केक आज पेगन स्वयंपाकघरांत साविनला भाजले जातात. तो धागा पेगन देवळांनी राखला नाही, राजसत्तेने तर तोडायलाच पाहिला. राखला तो ख्रिस्ती बायाबापड्यांनी.

मूक भोजनातलं मौनही असंच हातोहात आलेलं. पूर्वी लग्नाळू मुली होणाऱ्या नवऱ्याची चाहूल लागावी म्हणून असं न बोलता ताट मांडत. पेगनांनी ते पूर्वजांकडे वळवलं, आणि मला वाटतं फार शहाणपणाने वळवलं. नातवाने आपल्या देवीचं नाव घेतलं तर आजीला अवघड होणार, आजीची प्रार्थना म्हटली तर नातवाच्या तोंडी ती खरी वाटणार नाही. न बोलता दोघांना एका टेबलावर बसता येतं. बटाटे तिच्या पद्धतीने भाजलेले असले, चहा तिला लागायचा तेवढा कडक असला की पुरे.

सगळ्यांनाच बोलवावं असं नाही. ज्याने घरात मारझोड केली, लेकरांना छळलं, त्याचा फोटो फळीवर न ठेवण्याची मोकळीक ही मंडळी स्वतःला देतात, आणि ते योग्यच आहे. रक्ताच्या नात्याइतकाच मान शिकवणाऱ्यांना, सांभाळणाऱ्यांना आणि त्या भूमीवर आधी नांदून गेलेल्यांनाही देतात. पण श्रद्धा वेगळी होती हे कारण छळाच्या पंगतीत बसत नाही.

या घरांतली मुलंही मोठी होतील. त्यांतली काही चर्चला जातील, काही कशालाच मानणार नाहीत. त्यांच्या घरी फळी असलीच, तर आई-बापाच्या फोटोपुढे त्यांनी साविनची मेणबत्ती ठेवावी, पंचकोनी चांदणीचं लॉकेट ठेवावं, स्वतःला ते पटो न पटो. आज आजीचा क्रूस जागेवर ठेवणाऱ्याला हे मागायचा पूर्ण हक्क आहे.