पोडावरची पहिली

2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र एका मुद्द्यावर तावातावाने बोलला: पहिलीच्या लेकरावर घरात नसलेली भाषा लादू नका. 29 जूनला सरकारला पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले. युक्तिवाद बिनतोड होता. तो झरी-जामणीपर्यंत पोचला नाही, एवढंच.

झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या यवतमाळच्या तालुक्यांत कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. जिथे घरात अजून कोलामी बोलतात, तिथल्या मुलाला मराठी हीच परकी भाषा. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं पोर मराठीशी लवकर जुळवून घेतं, कारण दोन्ही भाषा एकाच आर्य कुळातल्या. कोलामी आणि गोंडी द्राविडी, तेलुगूच्या नात्यातल्या. तिथे व्याकरणाचा पायाच निराळा. पुरुष एका गटात. बाई, बैल, दगड सगळे दुसऱ्या गटात. या हिशेबाने मूल ‘आई आलं, बैल आलं’ म्हणालं, तर ते स्वतःच्या भाषेचा नियम चोख पाळत असतं. वहीत मात्र लाल फुली पडते. अशा फुल्या वाढल्या की मूल गप्प बसायला शिकतं आणि त्या गप्प बसण्याला आपण ‘आदिवासी मुलं बुजरी असतात’ असं म्हणतो.

गंमत म्हणजे फुली मारणारे गुरुजी बहुधा वऱ्हाडीच. ‘मले-तुले’वरून त्यांनाही कधीतरी कुणी हसलेलं असतं.

आईबापांना मराठीच हवी असते, हे खरं आहे. तहसील, बँक, एसटी, नोकरी, सगळं मराठीत. त्यांचं चुकत नाही. प्रश्न मराठी शिकवायची की नाही हा नाहीच, मुलाला तिच्यापर्यंत न्यायचं कसं, हा आहे. राज्यघटनेच्या 350-अ कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदाही तेच सांगतो, पण ‘व्यवहार्य असेल तिथवर’. ही पळवाट आपण फार मनापासून वापरली. ओडिशाने मात्र 2006 च्या सुमारास आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. तिथेही जंगल होतं, पैसा कमी होता, आणि भाषा एक नव्हे, अनेक होत्या.

कोलामी पुस्तकं छापून होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. पोडावरची बारावी झालेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात मानधनावर बसवा. गुरुजींचं मराठी तिने कोलामीत सांगावं, मुलांचं कोलामी गुरुजींना. हिंदीसक्तीविरुद्ध ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी या मागणीच्या कागदावरही सही करावी.