उपेक्खा आणि उपेक्षा

दोस्तहो, मी रोज पहाटे साडेचारला उठून डोळे मिटून बसतो, हे कळल्यापासून आपल्यातली काही पोरं मला ‘भंतेजी’ म्हणतात. म्हणोत. त्यांच्या हसण्यामागचा प्रश्न मात्र खरा आहे. ज्याच्या वस्तीला आग लागलीय, त्यानं नाकातून येणारा-जाणारा श्वास बघत बसावं काय?

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवसांचं शिबिर, शेवटचा दिवस सोडून मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वास. मग अंगावर जे जाणवेल ते बघा. चांगलं-वाईट ठरवू नका. हे ऐकलं तेव्हा माझं टाळकंच फिरलं. हजारो वर्षं ज्यांनी आमचा निवाडा केला, त्यांना कुणी ‘ठरवू नका’ म्हणून सांगितलं नाही. आम्ही आत्ता कुठं निवाडा करायला लागलो, तर तो आम्हीच खुंटीला टांगायचा?

गेल्या पावसाळ्यात शहरात खोली बघायला गेलो. भाडं ठरलं. मालकानं चहा मागवला, मग आडनाव विचारलं. चहा आला, खोली गेली. तीन रात्री मी त्या माणसाला मनातल्या मनात जोड्यानं हाणत होतो. तो तिकडं खुशाल घोरत असणार! चौथ्या पहाटे बसलो तेव्हा दिसलं, की छातीत मूठभर जागेत जाळ आहे, जबडा आवळलाय. बघत राहिलो. हळूहळू जाळ सरकला, पातळ झाला. तोवर मी त्या जाळालाच ‘मी’ समजत होतो.

आपण वेदना, विद्रोह, नकार म्हणतो, त्यातली वेदना म्हणजे दुःख. पालीतली वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही, धड दोन्ही नसलेलीही. बसल्यावर ठरवायचं थांबवायचं ते या दुसऱ्या वेदनेबद्दल. मालकानं केलं ते अन्यायच. त्याचा निवाडा उठल्यावर करायचा, आणि करायचाच.

घोळ शब्दानं केलाय. पालीतल्या उपेक्खेची मराठीत उपेक्षा झाली, आणि उपेक्षा म्हणजे काय ते आपापल्या आज्याला विचारा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) मध्ये पारमिता सांगताना बाबासाहेबांनी उपेक्खा आणि बेपर्वाई वेगळी काढलीय. फळानं हलायचं नाही, पण काम सोडायचं नाही, असा त्यांचा अर्थ. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारलंय, भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक? नुसताच परिपूर्ण असेल, तर तो धम्माच्या प्रसाराला कामाचा नाही, असं त्यांनी रोखठोक म्हटलंय.

आता माझी गोम सांगतो. जाळ विझला, आणि पुढचे आठ दिवस मी काहीच केलं नाही. एका दोस्तानं विचारलं, “शांत झालास की गार पडलास?” मला उत्तर देता आलं नाही. मालकाशी भांडायची भीती होती, आणि मी तिला समता म्हणत होतो. हे बसल्यावर का नाही दिसलं?

नवव्या दिवशी दोघांना घेऊन गेलो. चारचौघांत मालकाला विचारलं. माझा आवाज कापला नाही. तो म्हणाला, “आमचं काय नाय हो, शेजारच्यांना चालत नाय.” शेजारी दारात उभेच होते. सगळे खाली बघत राहिले. खोली मिळाली नाहीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसलो. जाळ होताच. पण या वेळी उठल्यावर पहिल्यांदा कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसलो.