जिभेची पारख आणि पेल्याचा शेवट

एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस पत्रद्वारें प्रश्न केला आहे. त्यांच्या मंडळींतील एक तरुण शहरांत नोकरीस आहे. स्कॉटलंड देशांत होणाऱ्या ‘सिंगल माल्ट’ व्हिस्कीची चव पाहून तिच्या गुणदोषांचें वर्णन लिहिण्याचा त्यास छंद जडला आहे. तो झिंगत नाहीं, कोणाशीं भांडत नाहीं, पगार उडवीत नाहीं. दोन चमचे पेल्यांत घेऊन तासभर बसतो, आणि म्हणतो कीं, ही दारूबाजी नव्हे, ही पारख आहे. त्यास काय म्हणावें?

बंधूंस एका शब्दाचें उत्तर हवें असेल. परंतु ज्या वस्तूचा निवाडा करावयाचा ती वस्तु काय आहे हें अगोदर पाहिलें पाहिजे. न पाहतां केलेला निषेध तरुणांच्या कानांवरून वाऱ्यासारखा निघून जातो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीवर, केवळ मोड आणलेल्या जवापासून काढलेलें मद्य. जव भिजत घालून त्यास मोड आणितात व मग तो ऊब देऊन सुकवितात. आयला नांवाच्या बेटावर ह्या कामीं पीट जाळण्याची जुनी चाल आहे. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें दबून राहिलेल्या वनस्पतींचें इंधन. त्याच्या धुराचा वास दाण्यांत शिरतो तो अखेरपर्यंत जात नाहीं. दाणे भरडून ऊन पाण्यांत त्यांची गोडी उतरवितात, यीस्ट घालून आंबवितात, आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोन वेळां उकळून निघालेली वाफ थंड करितात. मोहाची दारू कशी निघते हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस येथवर कांहींच नवल वाटणार नाहीं. भेद पुढें आहे. कायद्याप्रमाणें ही दारू ओकच्या लांकडी पिंपांत, स्कॉटलंडमध्येंच, निदान तीन वर्षें ठेवावी लागते. पुष्कळ ठिकाणीं ती दहा, बारा, अठरा वर्षेंही ठेवितात. पिंपांतून दरसाल शेंकडा सुमारें दोन भाग उडून जातो, त्यास तेथील लोक देवदूतांचा वांटा म्हणतात. (देवदूतांस कोणी विचारिलें असतें तर त्यांनीं जवाची भाकरी मागितली असती, असें आम्हांस वाटतें.)

आतां परीक्षकाची रीत. तो प्रथम रंग पाहतो, मग पेला नाकाशीं धरितो. नंतर थोडें पाणी घालतो, कारण पाण्यानें कोंडलेला गंध मोकळा होतो. मग घोट जिभेवर फिरवितो, आणि गिळल्यावर चव किती वेळ व कशी राहते तें पाहतो. ह्या अखेरच्या गोष्टीस ते ‘फिनिश’, म्हणजे शेवट, असें म्हणतात. मग वर्णन लिहितो: मध, सफरचंद, मिरीं, समुद्राचें मीठ, औषधालयाचा वास, विझलेल्या चुलीची राख. मायकेल जॅक्सन नांवाच्या इंग्रज लेखकानें १९८९ सालीं ह्या मद्यांचा एक मार्गदर्शक ग्रंथ काढिला व प्रत्येकास शंभरांपैकीं गुण दिले. शाळेंतील मुलांप्रमाणें बाटल्यांस गुण देण्याची चाल आज सर्वत्र दिसते.

ह्या पारखेस आम्ही पाप म्हणत नाहीं. जीभ व नाक हीं देवाचीं दानें आहेत. ज्वारीचा दाणा दातांखालीं फोडून त्यांतील ओल सांगणारा शेतकरी, उकळत्या रसाच्या वासावरून काहील केव्हां उतरावी हें ओळखणारा गुळव्या, हे ह्याच दानाचे धनी आहेत. मोठ्या भट्ट्यांवर निरनिराळ्या पिंपांचें मिश्रण ठरविणारे कसबी लोक तर मद्यांत पाणी घालून बहुतेक काम केवळ नाकानें करितात. आणखी एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. बाटलीवर बारा वर्षें असें लिहिलें असल्यास आंतील एकही थेंब बारा वर्षांहून कमी वयाचा नसावा, असा तेथील कायदा आहे. आमच्या देशांत २०१५ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी वस्तींत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें शंभरांहून अधिक गरीब माणसें मेलीं. जो खरें माप व खरें वय लिहितो त्याची आणि विष विकणाऱ्याची एकाच तोंडानें निंदा करणें हा सत्याचा मार्ग नव्हे.

मग आमचा आक्षेप कोठें आहे? तो असा कीं, हें वर्णन फार लवकर थांबतें.

नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीस द्राक्षारसाचें जें वर्णन आहे तें वाचकांनीं उघडून पाहावें. तेथें रंग आहे, पेल्यांतील झळाळी आहे, घशांतून सहज उतरणें आहे. परीक्षकाचीं हींच कलमें, ह्याच क्रमानें! त्या प्राचीन लेखकास पारख नव्हती असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पण त्यास शेवट विचारला तर तो घशापाशीं थांबत नाहीं. तो सर्पाच्या दंशापर्यंत जातो. कारणावांचून झालेल्या जखमांपर्यंत, मार खाऊनही न कळण्यापर्यंत, आणि सकाळीं डोळे उघडतांच पुन्हा तीच मागण्यापर्यंत जातो. परीक्षकाचा शेवट कांहीं क्षणांचा; पवित्र शास्त्राचा शेवट दुसऱ्या दिवसाचा, बायकोचा, लेंकरांचा. मध व राख ओळखणाऱ्या नाकास ही दुसरी राख कां ओळखूं येऊं नये?

ही गोष्ट स्कॉटलंडच्या लोकांस ठाऊक नव्हती असें नाहीं. त्या देशाच्या राजकीय हिशेबांत १४९४ सालीं जॉन कॉर नांवाच्या मठवाशास मद्य काढण्यासाठीं माल्ट दिल्याची नोंद आहे, आणि त्या नोंदींत त्या मद्यास लॅटिन भाषेंत जीवनाचें पाणी असें नांव आहे. व्हिस्की हा शब्दही त्याच अर्थाच्या गेलिक शब्दापासून आला. याकोबाच्या विहिरीपाशीं प्रभूनें ज्या पाण्याची गोष्ट काढिली तें पाणी हें नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. पुढें १८२९ सालीं ग्रीनॉक शहरच्या जॉन डनलॉप ह्यांनीं त्या देशांत मद्यनिषेधाच्या मंडळ्या स्थापिल्या. त्यांची पहिली शपथ मुख्यत्वें अशा भट्टीच्या दारूविरुद्धच होती. त्याच वर्षीं स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईस उतरले. ज्या देशानें आम्हां मराठी लोकांस शुभवर्तमान सांगणारे पाठविले, त्याच देशानें ही बाटलीही पाठविली. २०२२ सालीं स्कॉच व्हिस्कीच्या सर्वांत अधिक बाटल्या भारतांत आल्या. आणि स्वतः स्कॉटलंडांत, सुमारें पंचावन्न लाख वस्तीच्या देशांत, २०२३ सालीं मद्यानेंच होणाऱ्या विकारांनीं १,२७७ माणसें मरण पावलीं. त्या सर्वांनीं सिंगल माल्टच घेतली असें नाहीं. बहुतेकांच्या पेल्यांत स्वस्त दारूच असावी. पण ह्या उत्तरानेंच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या मंडळ्यांस अधिक झोंबणारा आहे.

मोहाची दारू पिऊन येणाऱ्या मजुरास आम्ही काय म्हणतों? दारूडा म्हणतों. त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवितों, त्याच्या दारावरून जातांना नाक मुरडितों. आणि खोक्यांत घातलेली, हजारों रुपयांची बाटली घेऊन येणाऱ्यास? त्यास रसिक म्हणतों, बसावयास खुर्ची देतों. सातशें पन्नास मिलिलिटरच्या बाटलींत शेंकडा चाळीस भाग धरिला तर तीनशें मिलिलिटर निव्वळ मद्यार्क असतो, आणि तो मद्यार्क मोहाच्या दारूंतील मद्यार्काहून निराळा पदार्थ नव्हे. उंची दारूस एक जात व हलक्या दारूस दुसरी, असा भेद जर आम्ही मानूं लागलों, तर जो सोंवळ्याओंवळ्याचा भेद टाकून आमचे वाडवडील ख्रिस्ताकडे आले तोच मागल्या दारानें घरांत आला म्हणावयाचा. मजुरास जी शिस्त ती साहेबास. साहेबास जी दया ती मजुरास.

कोणी काना गांवच्या लग्नाचा दाखला देतील, कोणी तीमथ्याच्या पोटाचा. दोन्हीं दाखले खरे आहेत, आणि ते लपवून ठेवणाऱ्या उपदेशकाचा पक्ष लंगडा पडतो. तो द्राक्षारस होता. वाफ धरून काढलेलें कडक मद्य युरोपांत बाराव्या शतकाच्या सुमारास आलें. तरी एवढ्या भेदावर आम्ही आपला सारा भार टाकीत नाहीं. आमचा भार करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायावर आहे. मूर्तीस वाहिलेलें मांस स्वतः अपवित्र नाहीं, हें पौल मान्य करितो. पण तें खाणाऱ्यास जो दुर्बळ भाऊ पाहत आहे त्याचें काय, असें तो विचारितो. ज्ञानी मनुष्याचें ज्ञान तेथें खोटें ठरत नाहीं. त्यास केवळ सांगण्यांत येतें कीं, पंक्तींत तूं एकटा नाहींस.

म्हणून बंधूंस आमचें सांगणें असें. त्या तरुणास दारूडा म्हणूं नये, कारण तो नाहीं, आणि खोटा आरोप ऐकून तो खरेंही ऐकेनासा होईल. त्याची पारख ऐकून घ्यावी. पीटचा धूर दाण्यांत कसा शिरतो हें त्याच्याकडून समजून घ्यावें. मग त्यास दोन गोष्टी विचाराव्या. दोन चमचे आठवड्यांतून किती वेळां, आणि गेल्या वर्षीं किती वेळां होते? आणि नाताळांत गांवीं येतांना पेटींत बाटली असते काय? पहिल्याचें उत्तर त्यानें देवासमोर एकांतांत द्यावें, बंधूंनीं तें पंचायतींत मागूं नये. दुसऱ्याचें मात्र बंधूंस स्पष्ट मागतां येईल, कारण नाताळच्या रात्रीं भजनास बसणाऱ्यांत दारू सोडून सहाच महिने झालेला कोणी ना कोणी प्रत्येक मंडळींत असतो, आणि तो त्या तरुणाच्या शेजारींच बसलेला असेल.