औषध बोलते की माणूस?

एखाद्या शांत स्वभावाच्या गृहस्थाने औषधोपचार चालू असताना बायकोला नको ते बोलावे, मुलांच्या अंगावर धावून जावे आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पूर्वीचाच शांत माणूस व्हावे. मधल्या काळातल्या त्या शब्दांचा हिशेब आपण कुणाच्या नावावर मांडायचा? हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ ह्या यकृताच्या जुनाट विकारांवर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी हा प्रश्न कित्येक घरांपुढे उभा केला आहे.

इंटरफेरॉन हे मुळात परके रसायन नव्हे. शरीरात विषाणू शिरला की आपल्याच पेशी ते तयार करतात. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन ह्यांनी ते शोधून काढले. फ्लूमध्ये अंग मोडून येते, कुणाशी बोलू नये असे वाटते, त्यात ह्या द्रव्याचाही हात असतो. १९९१ साली अमेरिकेत हिपॅटायटिस ‘सी’साठी त्याला मान्यता मिळाली. पुढे रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली आणि आठवड्यातून तीनदा टोचण्याऐवजी एकदाच टोचायचे इंजेक्शन आले. विषाणूच्या प्रकारानुसार साधारणतः २४ किंवा ४८ आठवडे ते घ्यावे लागे.

ताप येई, केस विरळ होत, वजन उतरे. हे सर्वांना दिसे आणि शेजारीपाजारी हळहळत. परंतु झोप उडणे, मन खचणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे हे आजारात कोण धरणार? काहींना तर जीव नकोसा होई. म्हणूनच औषधाच्या माहितीपत्रकात ह्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापलेला असतो. (आपल्यापैकी किती जण ते पत्रक उघडतात, हा वेगळा विषय!)

पाप गंभीर ठरण्यासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. त्या मापाने पाहिले तर औषधाने पेटलेल्या रागात संमती अपुरीच असते, आणि अशा रुग्णाने स्वतःला दुष्ट समजून कुढत बसू नये. परंतु एवढ्याने प्रकरण मिटत नाही. ज्या पत्नीने ते शब्द ऐकले, तिची जखम काही रासायनिक नसते. तिला ‘औषधामुळे झाले, विसरून जा’ असे सांगणे सोपे आहे. आम्हाला ते अन्यायाचे वाटते.

दुसरी बाजूही आहे. घरच्यांना एकदा कारण कळले की रुग्णाचे प्रत्येक बोलणे ‘ते काय, इंजेक्शन बोलतेय’ म्हणून उडवून लावले जाते. पण त्याची एखादी तक्रार खरी असली तर? वर्षानुवर्षे मनात दाबलेली गोष्ट तो त्या काळात बोलून गेला असेल तर? माणूस कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होते, ही रेघ ओढणे जड जाते. आणि इथे तर औषध आपल्याच रक्तात तयार होणाऱ्या द्रव्याचे आहे.

आमच्या मते जबाबदारीची खरी जागा पहिल्या इंजेक्शनाच्या आधी असते. हा विकार बरीच वर्षे मुका राहतो; पुष्कळदा रुग्णाला काही होतच नसते. म्हणजे धडधाकट वाटणाऱ्या माणसाने आजारी पडायला संमती द्यायची असते. ती संमती एकट्याची नसावी. जे भोगणार आहेत, त्यांनाही आधी सांगायला हवे. त्वचेच्या मेलानोमा कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांना नैराश्यावरचे औषध आधीपासून दिल्यास कमी जण खचतात, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २००१ साली दिसून आले. जे टाळता येते, ते माहीत असून टाळले नाही तर दोष रुग्णाकडे न जाता सल्ला देणाऱ्याकडे जातो.

हिपॅटायटिस ‘सी’वर आता काही आठवड्यांच्या गोळ्या आहेत, २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. त्या आजारापुरते इंटरफेरॉन मागे पडले आहे. तरी हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘डी’च्या काही रुग्णांना ते आजही दिले जाते, आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बदललेला स्वभाव तर पुष्कळांनी घरात पाहिला असेल. अशा घरात पहिल्या आठवड्यातच कुणीतरी मुलांना जवळ बसवून सांगावे, की पप्पा ओरडले तर ते तुमच्यामुळे नाही. आणि उपचार संपल्यावर पप्पांनीही त्यांच्याजवळ बसावे, दोष असो वा नसो.