छापलेला देव कुठे जातो?

पुण्यातल्या एका डिजिटल छापखान्यात मी प्रीप्रेसही बघते आणि मशीनही. आमच्या इंकजेटवर सकाळी पतसंस्थेची खातेपत्रकं निघतात, दुपारी कुणा लेखकाचं थोड्याच प्रतींचं पुस्तक, संध्याकाळी एखाद्या देवस्थानाची देणगीदारांसाठीची पाकिटं, प्रत्येकावर वेगळं नाव. कागदाचा रोल मिनिटाला शंभर मीटरच्याही पुढे पळतो आणि नोझलमधून पडणारा शाईचा थेंब असतो जेमतेम काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. या वेगात देवांची चित्रंही छापली जातात. ती छापताना आपण नेमकं काय करतो, हा प्रश्न मला सोडत नाही.

नवा रोल लावला की ताण बसेपर्यंत आणि रंग एकमेकांवर जुळेपर्यंतचा कागद वेस्टेजमध्ये जातो. आरतीसंग्रहाचं काम असलं की त्या वेस्टेजमध्ये गणपती असतो. निळा रंग केसभर सरकलेला, म्हणून सोंडेला दोन कडा दिसतात. मशीनवरचे काका तेवढा भाग ब्लेडने कापून वेगळ्या खोक्यात ठेवतात. जमिनीवर पडू देत नाहीत. खातेपत्रकाच्या वेस्टेजला पाय लागला तरी ते वाकून हात कपाळाला लावतात, पण ते वेस्टेज सरळ रद्दीच्या पोत्यात जातं. कागद तोच, शाई तीच. मग खोकं वेगळं का?

शास्त्राला हा प्रश्न अगदीच नवा नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. दगड, लाकूड, धातू, लेप, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनात कल्पिलेली. म्हणजे रंगारेषांची प्रतिमा दगडाच्या पंगतीला बसते. इतकंच नव्हे, चित्राला स्नान घालू नये, नुसतं पुसावं, असा विवेकही तिथेच आहे. त्या ग्रंथाने साहित्यावरून देवाला उच्चनीच ठरवलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आपल्याकडे छपाई आली तेव्हा मात्र लोकांना साहित्याचीच धास्ती होती. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पोथीला हात लावत नव्हती. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं सांगतात. पुढे 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर आल्या. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं ते 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी आधी कागदावरच्या देवाने जात विचारणं सोडून दिलं होतं. ज्याला गाभारा बंद होता, त्याच्या घरात तो थोडक्या पैशांत येऊन बसला. म्हणून छापलेला देव खोटा, दगडाचा खरा, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

इंकजेटने एक गोष्ट आणखी बदलली. ऑफसेटला प्लेट असते, तिच्यावरून सगळ्या प्रती निघतात. इथे प्लेटच नाही. संगणकातले आकडे आणि त्यांच्या हुकमाने पडणारे थेंब, बस्स. प्रत्येक प्रत नव्याने घडते, मूळ म्हणून बोट ठेवावं असं काही हातात राहत नाही. माझ्या मते पावित्र्य मूळ चित्रात नसतंच. कुणीतरी ते चित्र भिंतीवर लावतं, समोर उदबत्ती लावतं, तिथे ते सुरू होतं. काकांचं वेगळं खोकं हा त्याचाच भाग आहे. तिथे चित्राला मान देणारा माणूस हजर आहे.

अडचण सुरू होते ती जिथे असा माणूसच नसतो तिथे. उदबत्तीच्या पुड्यावर लक्ष्मी असते. पॅकिंगच्या पट्ट्यावर पुडा धावत येतो, वरचं छोटं इंकजेट बॅच नंबर आणि किंमत मारतं. त्यातल्या थेंबांवर विद्युतभार देऊन त्यांना वळवतात, न वळलेले थेंब पन्हळीतून परत टाकीत जातात. यंत्र अचूक आहे, पण जागा कपाळाची की पायाची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग पुडा संपतो आणि लक्ष्मी गटाराच्या कडेला पडते.

त्याहून मला सलतात त्या जिन्याच्या कोपऱ्यातल्या टाइल्स. मोरबीच्या कारखान्यांत आता टाइल्सवरची नक्षी इंकजेटनेच उमटते. ती हजार अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या भट्टीतून जाते आणि कायमची होते. कुणी पान खाऊन थुंकू नये म्हणून जिन्यात शंकर, साईबाबा, क्रॉस आणि मशीद ओळीने चिकटवतात. आपण पार्थिव गणपतीचं आवाहन करतो आणि विसर्जनही करतो. या टाइलचं दोन्ही होत नाही. तिला कुणी बोलावलं नाही आणि तिला कुणी निरोपही देणार नाही. देवाला तिथे फक्त पहारा करायला उभं केलं आहे, तोही आपल्याच शेजाऱ्याच्या तोंडावर विश्वास नाही म्हणून. ही भक्ती नाही, ही देवाची विटंबना आहे, आणि ती थुंकणाऱ्याच्या आधी आपण केलेली आहे.

गणपत कृष्णाजींच्या काळी लोक विचारत होते, शाईत काय घातलंय? आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हे छापलेलं शेवटी कुठे जाणार? पूजेत, पोथीत, भिंतीवर जाणार असेल तर कितीही वेगाने छापा, मी आनंदाने मशीन चालवेन. पिशवी, पुडा, फटाक्याचं वेष्टन किंवा हँडबिल असेल, तर छापायला देताना देवाचं चित्र काढून घ्या. तिथे फूल चालेल, वेल चालेल, नुसतं नाव चालेल. आणि तुमच्या सोसायटीच्या जिन्यात ती टाइल असेल तर पुढच्या सभेत विषय काढा, कोपरा रोज धुवायची सोय करा आणि ती उतरवून घ्या.