परवान्यात न मिळालेली गोष्ट

ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सला (एचएएल) नाशिककर आजही 'मिग' म्हणतात. मिग-21 साठी 1964 मध्ये उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पुढे सोव्हिएत परवान्यावर मिग-27 बांधले गेले. हवाई दलाने त्याला 'बहादूर' नाव दिले. शत्रूच्या विमानांशी झुंजणे हे त्याचे काम नव्हते. सहा नळ्यांची 30 मिलिमीटरची तोफ आणि सुमारे 4 टन बॉम्ब घेऊन जमिनीवर मारा करण्यासाठी ते होते. अशी 165 विमाने ओझरहून गेली. तरी 'बांधली कसली, रशियाचे भाग जोडले' हा टोमणा आहेच. तो अर्धवट आहे. परवान्याची रीतच अशी की आधी तयार भाग जोडायचे, मग टप्प्याटप्प्याने ते इथे घडवायचे. पुढची दुरुस्ती आणि देखभालही याच हातांनी शिकून घेतली. उणीव कामगारांच्या कौशल्यात नव्हती. मूळ आराखडा बदलण्याची सत्ता आणि त्यामागचे ज्ञान परवान्यासोबत आले नाही.

कारगिल युद्धात ही उणीव जाणवली. 27 मे 1999 रोजी रॉकेटे डागल्यावर वैमानिक नचिकेता यांच्या मिग-27 चे इंजिन विझले. नचिकेता पाकिस्तानच्या हाती लागले आणि आठवडाभराने परतले. एका अपघातावरून विमानाला दोष देऊ नये, हे मान्य. इतक्या उंचीवरच्या लढाईसाठी ते आखलेलेच नव्हते. पण त्यात एकच इंजिन होते आणि त्याचा आराखडा ठरवणारे टेबल मॉस्कोत होते. एचएएलच्या कोरापुट कारखान्यात ते इंजिन फक्त बनत होते. 'आपण 40 विमाने सुधारली ना?' असेही कुणी विचारेल. सुधारली, आणि चांगली सुधारली. पण ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये. 27 डिसेंबर 2019 ला जोधपूरला विमान निवृत्त होईपर्यंत इंजिन त्याच घराण्याचे राहिले.

मग परवाना घ्यायलाच नको होता का? तसे म्हणणे सोपे आहे. बंगळुरूचे मरुत हे लढाऊ विमान आपल्याच देशात आखलेले होते, 1971 च्या युद्धात लढलेही. पण पुरेसे ताकदवान इंजिन न मिळाल्याने ते मागे पडले. म्हणजे नुसता आराखडा आपला असूनही भागत नाही. परवान्याने निदान हजारो हात तयार झाले. माझी तक्रार परवाना घेतल्याची नाही, त्यावर इतकी दशके समाधान मानल्याची आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरहून तेजस एमके-1ए उडाले. आराखडा भारताचा आहे. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे.