आडव्या रेघा
दुबई मरीनातल्या घरात आजोबांची उधारीची वही उघडून बसलोय. माथेरानचं आमचं किराणा दुकान. 1907 साली नेरळहून छोटी गाडी आली, तरी पोती दारापर्यंत यायची ती घोड्यावर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. मोटारीला तिथं बंदीच. पहिल्या पानावर कुंकवाचं ‘श्री’, मग नुसती उधारी. घोडेवाले पावसाळ्यात न्यायचे, दिवाळीच्या गर्दीनंतर फेडायचे. काही नावांवर आजोबांची आडवी रेघ: सोडलं.

तुकोबाही वाणीच. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाची, कान्होबाची, मात्र त्याला दिली, असं सांगतात. माझं घोडं इथंच अडतं. आजोबांनी सोडलं त्यात वडिलांचाही वाटा होता ना? वडील त्या रेघांवर शेवटपर्यंत चिडायचे. आणि माझा?

खाली मरीनाचा कालवा, माणसांनी खोदलेला. वही पिशवीत परत ठेवली.